इंग्रजीतले 'पण' आणि 'तरी': असमिया विद्यार्थ्यांच्या या चुका टाळा

असमियात विरोध दाखवताना अनेकदा वाक्याच्या दोन्ही भागांत शब्द येतो. 'यदिओ बरषुण दि आछिल, तथापि सि स्कूललै गल' म्हणजे जरी पाऊस पडत होता, तरी तो शाळेत गेला. 'यदिओ–तथापि' ही आपलीच 'जरी–तरी' जोडी असल्यामुळे मराठी माणसाला या चुकीचं मूळ लगेच कळतं. विद्यार्थी ही जोडी जशीच्या तशी इंग्रजीत नेतो आणि लिहितो: 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही वेंट टू स्कूल'. सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच.

इंग्रजीला एकच शब्द पुरतो. पण नुसतं 'एक खोडा' असं सांगून भागत नाही, कोणता खोडायचा हे शिकवावं लागतं. दोन्ही भाग सारख्याच वजनाचे असतील तर 'ऑल्दो' खोडून 'बट' ठेवा: 'इट वॉज रेनिंग, बट ही वेंट टू स्कूल'. पाऊस ही केवळ पार्श्वभूमी असेल तर 'बट' खोडा आणि त्याच्या जागचा स्वल्पविराम राहू द्या. तो स्वल्पविराम 'ऑल्दो' या शब्दाला चिकटून कधीच येत नाही, पहिलं उपवाक्य संपल्यावर येतो.

जुन्या शालेय व्याकरणांत 'दो–येट' अशी जोडी दिलेली असते. ती चुकीची नाही, मात्र आज जुनाट वाटते. तिच्याच नमुन्यावर मुलं 'दो–बट' बनवतात, म्हणून सुरुवातीला ती न शिकवलेलीच बरी.

दुसरी अडचण 'किन्तु' या शब्दाची. असमियात तो कर्त्यानंतरही सहज बसतो: 'सि किन्तु नाहिल', म्हणजे तो मात्र आला नाही. त्यावरून 'ही बट डिड नॉट कम' तयार होतं. 'बट' दोन उपवाक्यांच्या मधे राहतो, कर्ता आणि क्रियापद यांच्यामधे शिरत नाही. तिथे 'हाउएव्हर' चालतो, दोन्ही बाजूंना स्वल्पविराम देऊन: 'ही, हाउएव्हर, डिड नॉट कम'. मात्र 'हाउएव्हर' दोन पूर्ण वाक्यं जोडू शकत नाही. 'आय वेटेड, हाउएव्हर ही डिड नॉट कम' हे चूक. 'वेटेड' नंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या आणि 'हाउएव्हर' नंतर स्वल्पविराम.

'सत्त्वेओ' असमियात मागून येतो, आपल्या 'असूनही' सारखा. इंग्रजी 'डिस्पाइट' पुढे येतो आणि त्याच्यामागून नाम किंवा 'आयएनजी' रूप लागतं, कर्ता-क्रियापद असलेलं उपवाक्य नाही. निमाती घाटावरून ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर जाणारी फेरीबोट धुक्यातही सुटली, हे सांगायचं आहे असं धरा. 'डिस्पाइट द फॉग वॉज थिक, द फेरी लेफ्ट' हे चूक. 'डिस्पाइट द थिक फॉग' म्हणा, किंवा क्रियापद ठेवायचंच असेल तर 'ऑल्दो द फॉग वॉज थिक'. 'डिस्पाइट ऑफ' हा प्रकार 'इन स्पाइट ऑफ' च्या सरमिसळीतून येतो. 'डिस्पाइट' ला 'ऑफ' लागत नाही, आणि 'इन स्पाइट' हे दोन शब्द सुटेच लिहायचे.

सगळ्यांत सूक्ष्म चूक 'इव्हन इफ' आणि 'इव्हन दो' यांची. ती चांगल्या विद्यार्थ्यांकडूनही होते, कारण असमियात दोन्हींना क्रियापदाचं एकच रूप चालतं. 'बरषुण दिलेओ आमि याम' म्हणजे पाऊस पडला तरी आम्ही जाऊ. 'बरषुण दिलेओ आमि गलोँ' म्हणजे पाऊस पडला तरी आम्ही गेलो. मराठीतही 'पडला तरी' बदलत नाही. इंग्रजीत मात्र शब्दच बदलतो. पहिल्या वाक्यात पाऊस पडेल की नाही हे ठाऊक नाही, म्हणून 'इव्हन इफ'. दुसऱ्यात तो पडून गेला आहे, म्हणून 'इव्हन दो'. लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं: ही गोष्ट घडलेली आहे की नुसती शक्यता आहे?

'आनहाते', म्हणजे 'दुसरीकडे', यासाठी 'ऑन द अदर हँड' वापरा. 'ऑन द कॉन्ट्ररी' त्या जागी चालत नाही. आधीचं म्हणणं खोडून उलट सांगायचं असेल तेव्हाच तो येतो.