नोड-रेड: मागच्या नोडचं उष्टं पुढच्याला वाढू नका

रावेर-यावलकडे केळीच्या ठिबकाला रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि नोड-रेड (‘नोड’ नावाचे ठोकळे एकमेकांना जोडून प्रोग्राम बनवायचं साधन) जोडलं, तर फ्लो, म्हणजे नोडची साखळी, साधारण ठरलेला: हवामानाच्या एपीआयला (इंटरनेटवरून माहिती देणाऱ्या सेवेला) विचारा, ओल बघा, मोटर चालू-बंद करा, शेवटी शेतकऱ्याला एसएमएस. काही बिघडलं की संशय आधी सेन्सरवर जातो. पण पुष्कळदा घोळ एका नोडकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या मेसेजमध्येच (‘एमएसजी’) असतो. एका नोडने एमएसजीत लिहिलेलं पुढचा नोड आपणहून पुसत नाही.

सगळ्यात फसवे हेडर्स, म्हणजे वेबवरच्या विनंतीसोबत आणि उत्तरासोबत जाणारी माहिती. एचटीटीपी रिक्वेस्ट नोड उत्तराचे हेडर्स एमएसजी.हेडर्समध्ये ठेवतो आणि पुढचा रिक्वेस्ट नोड पाठवायचे हेडर्स तिथूनच उचलतो. त्यांना कुणी हात लावला नसेल, तर नोड-रेड ते ओळखून टाकून देतं, म्हणून दोन नोड सरळ जोडले तर सगळं ठीक वाटतं. मध्ये फंक्शन नोडमध्ये (आपला कोड लिहायच्या नोडमध्ये) नुसतं ऑथरायझेशन (परवानगीचं हेडर) वाढवलं की ती ओळख मोडते. मग हवामानवाल्या सर्व्हरची कंटेंट-लेंग्थसुद्धा (मजकुराची लांबी) एसएमएसवाल्याकडे जाते. विनंती लटकते किंवा ‘४००’ (चुकीची विनंती) हा एरर येतो, आणि आपण टोकन तपासत बसतो. जुन्या हेडर्समध्ये भर घालू नका, अख्खा नवा ऑब्जेक्ट ठेवा.

एमएसजी.रिसेटचंही तसंच. ट्रिगर नोड (टायमर लावणारा) त्याची किंमत बघत नाही, ते नाव आहे की नाही एवढंच बघतो. फॉल्स (‘नाही’) लिहिलं तरी टायमर रद्द! चेंज नोडने ते डिलीटच करा. स्प्लिट नोडने मेसेजचे तुकडे केल्यानंतर उरलेल्या एमएसजी.पार्ट्सवरही नजर ठेवा, तुकडे जोडणारा पुढचा जॉइन नोड त्याच्यावर विसंबतो. शोधायला डिबग नोडमध्ये ‘पूर्ण मेसेज’ निवडा. नुसत्या पेलोडमध्ये यातलं काही दिसत नाही.

कॉन्टेक्स्टची (मेसेजबाहेर माहिती साठवायच्या जागेची) गोष्ट जरा उलटी. तो मुळात मेमरीत असतो, लाइट गेली की साफ. म्हणून लोक सेटिंग्जमध्ये लोकलफाइलसिस्टम, म्हणजे फाइलमधली साठवण, लावतात (तेही डिस्कवर दर ३० सेकंदांनी लिहितं, लगेच नाही) आणि ‘मोटर चालू’ हा झेंडाही त्यातच ठेवतात. माझ्या मते हे जास्त धोक्याचं. स्टार्टरला ऑटो बसवलेला असेल तर लाइट आल्यावर मोटर आपोआप सुरू होते, आणि फाइलमध्ये मात्र ‘बंद’. आज किती मिनिटं पाणी दिलं ते खुशाल साठवा. मोटरची अवस्था मात्र रास्पबेरी पाय सुरू होताच करंट सेन्सरवरून नव्याने वाचा.