खूण पुसलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा प्लस-मायनस कसा ओळखावा

कपॅसिटर अजून बोर्डावरच असेल तर तो काढायची घाई करू नका. वरचं आवरण उडालं, मायनसची छापील पट्टी दिसेनाशी झाली, तरी कुठला पाय प्लसचा हे भोवतालचं सर्किट सांगत असतं. एकदा तो सुटा झाला की हा पुरावा हातचा जातो. काढायचाच असेल तर आधी जागेचा फोटो घ्या आणि डब्यावर एका बाजूला खूण करा.

हात लावण्यापूर्वी तो रिकामा करा. मेन्सवर चालणाऱ्या उपकरणातल्या मोठ्या कपॅसिटरवर वीज बंद केल्यानंतरही तीनशेहून जास्त व्होल्ट टिकून राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी दोन्ही पायांवर लावा. १०० मायक्रोफॅरडला पाच-सहा सेकंद पुरतात, मोठ्याला त्या हिशेबाने जास्त. मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करा आणि मिनिटभराने पुन्हा बघा, कारण डायइलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे आतल्या इन्सुलेटर थरात, मुरलेला थोडा चार्ज परत वर येतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. त्याने आतली जोडणी दुखावते आणि ठिणगी डोळ्यांपर्यंत उडू शकते.

आता डबा नीट न्याहाळा. दोन टोकांना दोन पाय असलेल्या, म्हणजे अ‍ॅक्सियल प्रकारात उत्तर बहुधा इथेच मिळतं. एका टोकाचा पाय थेट धातूच्या डब्याला जोडलेला असतो, तो मायनस. दुसऱ्या टोकाचा पाय रबराच्या किंवा फायबरच्या बुचातून बाहेर येतो आणि त्या बाजूला डब्यावर दाबून केलेली गोल खाच असते, तो प्लस. मीटर ओहमवर ठेवून डब्याचा उघडा धातू आणि एकेक पाय तपासा. जिथे जवळपास शून्य येईल तो मायनस. दोन्ही टोकांना बूच असेल तर तो नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला, असल्याची शंका घ्या.

दोन्ही पाय एकाच बाजूला असलेल्या रेडियल प्रकारात ही युक्ती चालत नाही. तिथे दोन्ही पाय रबरातून येतात आणि डबा फक्त आतल्या द्रवाला टेकलेला असतो, त्यामुळे ओहममधलं वाचन भरवशाचं नसतं. पायांची लांबीही न कापलेल्या नव्या नगापुरतीच कामाची, त्यात लांब पाय प्लसचा. पृष्ठभागावर बसणाऱ्या छोट्या डब्यांत मात्र खालच्या प्लास्टिकच्या तळाचे दोन कोपरे छाटलेले असतात, ती प्लसची बाजू. जुन्या व्हॉल्व्ह उपकरणांतल्या, एकाच डब्यात दोन-तीन कपॅसिटर असलेल्या प्रकारात डबा हाच सर्वांचा सामाईक मायनस असतो. तळाशी अर्धवर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असलेली टोकं प्लसची.

डब्याने दाद दिली नाही तर सर्किट वाचा. पॉवर सप्लायमध्ये ब्रिजच्या (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीच्या) प्लस टोकाला जाणारा पाय प्लस. दोन मोठे कपॅसिटर सिरीजमध्ये असतील तर वरच्याचा प्लस ब्रिजच्या प्लसला, खालच्याचा मायनस ब्रिजच्या मायनसला आणि उरलेले दोन पाय एकमेकांना.

‘ग्राउंडला लागलेला पाय म्हणजे मायनस’ हा समज इथे सगळ्यात जास्त फसवतो. ७८०५ रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपच्या) इनपुटला तो बरोबर ठरतो: पहिली पिन इनपुट, मधली ग्राउंड. पण ७९०५ हा ऋण व्होल्टेजचा. त्याची पहिली पिन ग्राउंड, मधली इनपुट, म्हणून तिथे कपॅसिटरचा प्लस ग्राउंडला आणि मायनस मधल्या पिनला जातो. पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या अनेक जुन्या रेडिओंतही बॅटरीचा प्लसच चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, असतो. बोर्डावरच्या छपाईत रेषा भरलेला अर्धा भाग बहुतेक ठिकाणी मायनस दाखवतो, पण याच्या उलट छापणारे बोर्डही आहेत. शेजारचा खूण शाबूत असलेला कपॅसिटर बघून छपाईची रीत ठरवा.

कपॅसिटर सुटाच हाती आला असेल तर गळतीची चाचणी उरते. प्लसच्या फॉइलवर ऑक्साइडचा मुद्दाम वाढवलेला थर असतो आणि तोच व्होल्टेज अडवतो. मायनसच्या फॉइलवरचा नैसर्गिक थर साधारण एक-दीड व्होल्टपर्यंतच तग धरतो. म्हणून उलट जोडणीत प्रवाह गळत राहतो.

दीड व्होल्टचे तीन सेल सिरीजमध्ये घ्या. प्लसपासून १० किलोओहमचा रेझिस्टर, मग कपॅसिटर, मग सेलचा मायनस. रेझिस्टरवरचं डीसी व्होल्टेज मोजा, तिथला एक व्होल्ट म्हणजे १०० मायक्रोअँपिअर. सुरुवातीला चार्जिंगमुळे वाचन मोठंच येईल. १०० मायक्रोफॅरडला पाच सेकंद आणि १००० ला पन्नास सेकंद तर चार्जिंगलाच हवेत. दोन मिनिटांनी आकडा लिहा, त्याच रेझिस्टरमधून कपॅसिटर रिकामा करा, उलटा जोडा आणि पुन्हा तेवढाच वेळ द्या. सुलट जोडणीत वाचन घसरत व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास येतं. उलट्या जोडणीत ते दोन-तीन व्होल्टवर अडून राहतं. फरक स्पष्ट नसेल तर ९ व्होल्टवर चाचणी करा. मूळ व्होल्टेज, म्हणजे कपॅसिटरला सोसणारं कमाल व्होल्टेज, ठाऊक नसल्याने सुरुवात मात्र ९ वर नको: ६ व्होल्टचा नग त्यावर दोन्हीकडे गळेल आणि उत्तर चुकेल. १० मायक्रोफॅरडपेक्षा लहान असेल तर १०० किलोओहम वापरा, नाहीतर गळती दिसणारच नाही. २००० च्या वर असेल तर १ किलोओहम, म्हणजे वाट बघण्यात वेळ जाणार नाही.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कपॅसिटरचा ऑक्साइड थर झिजलेला असतो, त्यामुळे पहिल्या फेरीत दोन्ही दिशांना गळती जवळपास सारखी दिसू शकते. अशा वेळी एका आकड्यावर निर्णय देऊ नका, प्रत्येक दिशेचा कल बघा. सुलट दिशेला थर पुन्हा बनू लागतो आणि पाच-दहा मिनिटांत वाचन सतत उतरत जातं. उलट दिशेला ते थोडं उतरून थांबतं. डिजिटल मीटरच्या ओहम रेंजवर हा निकाल मागू नका. तिचं व्होल्टेज बहुतेक वेळा इतकं कमी असतं की दोन्ही दिशा सारख्याच दिसतात.

टँटलम धातूच्या कपॅसिटरला ही चाचणी लावू नका. उलट व्होल्टेज त्याला अगदी थोडंच सोसतं आणि बिघडल्यावर तो पेटू शकतो. टँटलमवर जी पट्टी असते ती प्लसची, अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकच्या नेमकी उलट. रंगीत थेंबासारख्या जुन्या प्रकारात ठिपका तुमच्याकडे आणि पाय खाली धरा, उजवा पाय प्लस.

पुरेसा वेळ देऊनही दोन्ही दिशांना गळती सारखीच कमी राहिली तर तो नॉन-पोलर आहे. स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये (जाड-बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये) असे असतात आणि त्या जागी साधा पोलर बसवू नये. दोन्ही दिशांना गळती सारखीच जास्त राहिली आणि उतरेचना, तर तो निकामी धरा. निकाल लागला की कायम शाईच्या मार्करने मायनसच्या बाजूने डब्यावर उभी रेघ ओढा आणि मूल्य कपॅसिटन्स मीटरवर मोजून घ्या. मूळ व्होल्टेज मात्र कुठलीच साधी चाचणी सांगत नाही, म्हणून असा नग परत सर्किटमध्ये घालण्यापेक्षा जागेवरचं व्होल्टेज मोजून त्याच्या दीडपट तरी व्होल्टेज सोसणारा, त्याच मूल्याचा नवा बसवा.