शिवसागरला निघण्याआधी

आसामची सहल ठरली की कामाख्या, काझीरंगा, माजुली ही नावं कागदावर आपोआप उतरतात. शिवसागर उतरलंच तर 'काझीरंगाहून दिब्रुगडला जाताना वाटेत दोन तास' असं उतरतं. तयारीची सुरुवात इथूनच करायची: ते दोन तास खोडायचे आणि दोन पूर्ण दिवस लिहायचे. आहोम राजांनी १२२८ पासून १८२६ पर्यंत, म्हणजे जवळपास सहाशे वर्षं, ब्रह्मपुत्रेच्या या खोऱ्यात राज्य केलं. चराईदेव, गडगाव आणि रंगपूर या त्यांच्या तीन मोठ्या राजधान्या आजच्या शिवसागर शहराभोवती तासाभराच्या अंतरात पसरल्या आहेत. रंगपूर तर शहराला लागूनच आहे. दोन तासांत शिवदोल या मंदिराचं दर्शन आणि रंगघर या राजांच्या प्रेक्षागृहासमोर एक फोटो होतो. राजधानी बघायची राहून जाते.

महिना नोव्हेंबर ते मार्चमधला निवडा. पावसाळ्यात जायचं धाडस करणाऱ्यांना मी मीर जुमलाची गोष्ट सांगते. १६६२ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या या सरदाराने गडगाव घेतलं, राजा जयध्वज सिंह डोंगराकडे निघून गेला आणि मोगलांना वाटलं की आसाम जिंकला. मग पाऊस सुरू झाला. नद्या फुगल्या, वाटा बुडाल्या, रसद तुटली, छावणीत रोगराई पसरली आणि जिंकलेल्या राजधानीतच फौज कोंडली गेली. पुढच्या वर्षी तह करून परतताना मीर जुमला वाटेतच वारला. आज रस्ते चांगले आहेत, पण जून ते सप्टेंबरमधला पाऊस तोच आहे. पावसाळ्यात तलातल घर या जुन्या राजवाड्याच्या विटांवर शेवाळ धरतं आणि गवतात जळवा असतात.

तारीख ठरवताना तीन दिवस तपासून घ्या. महाशिवरात्रीला शिवदोलच्या आवारात मोठी जत्रा भरते. ती बघायची असेल तर खोली फार आधी धरावी लागते. ३१ जानेवारीला मे-दाम-मे-फी असतो, आहोमांचा पूर्वजांना पुजण्याचा दिवस. त्या दिवशी चराईदेवला, जिथे आहोम राजांना पुरलं आहे तिथे, जाता आलं तर नक्की जा. एप्रिलच्या मध्यावर रंगाली बिहू असतो. शहर सुंदर दिसतं, पण गाड्या मिळत नाहीत. एरवीसुद्धा खोली आधीच ठरवलेली बरी, कारण हे तेलाचं शहर आहे. ओएनजीसीच्या कामाने येणाऱ्या माणसांनी बरी हॉटेलं भरलेली असतात.

आता उजेड. ही बाब इथल्या तयारीत सगळ्यात महत्त्वाची आहे आणि आपल्याकडचा माणूस नेमकी हीच विसरतो. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण सूर्य तिकडे फार आधी उगवतो. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत मावळतोही. म्हणूनच चहाच्या मळ्यांत 'बागान टाइम' असतो, आपल्या घड्याळापेक्षा तासभर पुढे. मी पहिल्यांदा गेले ती डिसेंबरात. सकाळी आरामात नाश्ता केला, दुपारी जेवून चराईदेवला निघाले आणि पावणेचारला पोचले. गवताने मढलेल्या त्या टेकड्यांवरचं ऊन बघताबघता सरलं. सातशे वर्षांहून जुन्या राजस्मशानात मला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. दुसऱ्या खेपेला मी पहाटे पाचला उठले, साडेसहाला गाडीत बसले आणि धुकं उतरत असताना तिथे पोचले. दंव पडलेल्या गवतावर कुणाचंच पाऊल नव्हतं. एकामागे एक उंचवटे धुक्यातून वर येत होते. म्हणून सांगते, पाचला उठायचं, दुपारी तीनला शेवटचं ठिकाण गाठायचं, आणि संध्याकाळ शहरातल्या बरपुखुरी तलावाच्या काठासाठी मोकळी ठेवायची.

पोचायचं कसं, तर विमानाने जोरहाट किंवा दिब्रुगड. जोरहाट जवळ आहे, साधारण साठ किलोमीटर, पण तिथे विमानं मोजकीच. दिब्रुगड थोडं लांब, पण तिथे विमानं अधिक. हिवाळ्यात सकाळच्या धुक्याने विमानाला उशीर होतो, म्हणून परतीच्या जोडविमानात भरपूर अंतर ठेवा. रेल्वेने यायचं तर मुख्य मार्गावरचं स्टेशन सिमलुगुडी जंक्शन. तिथून शहर पंधरा-सोळा किलोमीटर. गुवाहाटीहून रात्रीची बसही आहे, पण वयस्कर माणसं बरोबर असतील तर रेल्वेच धरा. आसामसाठी परवाना लागत नाही. मात्र इथवर आलोच आहोत तर नागालँडमधलं मोन गाठू, असा विचार असेल तर इनर लाइन परमिट घरून निघण्याआधीच काढा. सीमेवर पोचून ते होईल या भरवशावर राहू नका.

कानाचीही तयारी लागते. असमिया लिपी बंगालीसारखी दिसते, उच्चार मात्र आपल्याला चकवतात. तिथे 'च'चा 'स' होतो आणि 'श-स'चा घशातून येणारा, 'ह' आणि 'ख' यांच्या मधला एक मऊ आवाज होतो. म्हणून चालक 'सोराइदेउ' म्हणाला की ते चराईदेव, आणि त्याने शहराचं नाव घेतलं की ते 'खिवखागर'च्या जवळ ऐकू येतं. चहा म्हणजे 'साह'. दूध नको असेल तर 'लाल साह' मागायचा. वडीलधाऱ्या बाईला 'बाइदेउ' म्हणा. पुरुषाला 'दादा' म्हटलं की चालतं, तिथे आपलाच शब्द आहे. गडगाव हे नावही ऐकताच आपलं वाटतं, आणि अर्थही तोच आहे: तटबंदीचं गाव.

थोडा इतिहास घरूनच वाचून जा, कारण इथे जे शिल्लक आहे ते मोजकं आहे आणि गोष्ट ठाऊक नसेल तर त्या नुसत्या विटा वाटतात. मराठी माणसाला आत शिरायला एक दार आयतंच उघडं आहे. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले तेव्हा त्यांची जबाबदारी मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा रामसिंह याच्यावर होती. त्या प्रकरणात तो बादशहाच्या मर्जीतून उतरला. पुढे त्याच रामसिंहाला आहोमांवर पाठवण्यात आलं, आणि १६७१ मध्ये गुवाहाटीजवळ सराईघाटच्या पाण्यावर आहोम सेनापती लाचित बरफुकनने त्याला हरवलं. लाचित तेव्हा तापाने फणफणला होता. लढाई गुवाहाटीला झाली, पण तिच्यामागची राजधानी होती गडगाव. खडकवासल्याच्या एनडीएत सर्वोत्कृष्ट छात्राला लाचितच्या नावाचं सुवर्णपदक देतात, हेही मुलांना सांगून ठेवा. आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. आपल्याकडे जशा बखरी, तशा तिकडे बुरंजी. राज्यकारभार, लढाया, तह, भांडणं हे सगळं गद्यात लिहून ठेवण्याची आहोमांची जुनी रीत होती, आधी ताई-आहोम भाषेत आणि नंतर असमियात. म्हणून या राजांबद्दल आपण इतक्या तपशिलात बोलू शकतो.

पहिला दिवस रंगपूरला द्या. रुद्रसिंहाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ही राजधानी वसवली. रंगघर प्रमत्तसिंहाच्या काळातलं, १७४४ ते १७५१ मधलं. दुमजली, लंबगोल, आणि वरचं छप्पर उलट्या ठेवलेल्या नावेसारखं. समोरच्या मैदानात बिहूच्या दिवसांत रेड्यांच्या झुंजी व्हायच्या आणि राजा वरच्या मजल्यावरून बघायचा. इथे फार वेळ लागत नाही. वेळ ठेवायचा तो तलातल घरासाठी. वर चार मजले आणि जमिनीखाली तीन, असं त्याचं वर्णन करतात. वरचे लाकडी मजले गेले आणि खालचे बंद केले आहेत. एक भुयार दिखौ नदीपर्यंत आणि दुसरं गडगावच्या वाड्यापर्यंत जात होतं, असं इथे प्रत्येक जण सांगतो. बरोबर टॉर्च घ्या. फोनचा उजेड पुरत नाही, कारण तळमजल्याच्या बोळांत भरदुपारीही काळोख असतो. भिंतीशी थांबून विटा बघा. आपल्या विटेपेक्षा कितीतरी पातळ, बोटभर जाडीच्या, एकावर एक भाकऱ्यांची चवड रचावी तशा. मधला चुना गूळ, उडीद, बदकाची अंडी आणि बोरा नावाचा चिकट तांदूळ घालून केला होता, असं सांगतात. मी नख लावून पाहिलं, कण निघाला नाही. तुम्ही मात्र डोळ्यांनीच बघा. आपल्यासारख्या हजारो जणांनी एकेक कण काढायचा म्हटलं तर उरणार काय?

जयसागर तिथून जवळच. ३१८ एकरांचा हा तलाव रुद्रसिंहाने आपली आई जयमती हिच्या आठवणीसाठी खणवला. नवऱ्याचा ठावठिकाणा सांगावा म्हणून तेव्हाच्या राजाच्या माणसांनी तिचे हाल हाल केले. ती बोलली नाही आणि त्या छळात मेली. नवरा गदापाणी पुढे गदाधरसिंह म्हणून राजा झाला आणि त्याच्यामागून मुलगा. तलाव पंचेचाळीस दिवसांत खणला असं सांगतात. मला तो आकडा महत्त्वाचा वाटत नाही. ही गोष्ट ठाऊक असताना त्या पाण्यासमोर बसणं आणि ठाऊक नसताना बसणं यात फार फरक पडतो, म्हणून ती इथे लिहिली.

शहराच्या मधोमध बरपुखुरी हा मोठा तलाव आणि त्याच्या काठावर शिवदोल, विष्णुदोल, देवीदोल. शिवदोल १०४ फूट उंच आहे. तो १७३४ मध्ये राणी अंबिकाने बांधवला. शिवसिंह राजाच्या राण्यांनी 'बर राजा' अशी पदवी घेऊन स्वतःच्या नावाने राज्य चालवलं आणि नाणी पाडली. अंबिका त्यांपैकीच एक. अनवाणी चालावं लागतं, म्हणून थंडीत पायमोजे जवळ असू द्या. तलावाची पातळी भोवतालच्या शहरापेक्षा उंच आहे, हे काठाच्या पायऱ्या चढताना कळतं. हिवाळ्यात पाण्यावर पाहुणे पक्षी असतात, दुर्बीण असेल तर इथे वापरा.

दुसरा दिवस चराईदेव आणि गडगावचा. चराईदेव साधारण तीस किलोमीटरवर. पहिला आहोम राजा सुकाफा याने १२५३ मध्ये इथे राजधानी केली. पुढे राजधानी हलली तरी राजांना पुरायला इथेच आणत. जुने आहोम राजे दहन करत नसत. घुमटाच्या दालनात कलेवर, सोबत अन्न, शस्त्रं, दागिने, आणि वरून मातीचा मोठा ढीग. त्याला मैदाम म्हणतात. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. ईशान्य भारतातलं हे पहिलं सांस्कृतिक वारसास्थळ. नव्वद मैदाम इथे आहेत. मुलांना आधीच समजावा की या कबरी आहेत, उतारावरून घसरायला नाही. चांगली पकड असलेले बूट आणि पाणी घ्या. जवळपास खाण्याचं फारसं मिळेल असं धरू नका. परतताना गडगावचं कारेंग घर, म्हणजे राजवाडा, बघा. मोगलांनी पाहिलेला वाडा लाकडाचा होता, आजची विटांची इमारत अठराव्या शतकातली आहे.

सामानात सकाळसाठी स्वेटर, डासांचं मलम, छत्री, सुटे पैसे. बाकी नेहमीचंच.

जेवणाची तयारी मनाची करायची. मोहरीचं तेल सगळीकडे असतं. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही: भात, डाळ, आलू पिटिका म्हणजे कच्चं मोहरीचं तेल आणि कांदा घालून कुस्करलेला बटाटा, आणि 'खार'. केळ्याच्या वाळलेल्या सालीची राख पाण्यात भिजवून गाळतात आणि त्या पाण्यात कच्ची पपई किंवा भाजी शिजवतात. आपला पापडखार ज्यांच्या जिभेला ओळखीचा आहे त्यांना तो लगेच आवडतो. सकाळी 'जलपान' मागा: पोहे, दाट दही आणि गूळ. मांसाहारी असाल तर बदक आणि 'टेंगा' हे माशाचं आंबट कालवण सोडू नका. घरी कुणी बोलावलं तर तामुल-पान पुढे येईल. तो मान असतो, नाही म्हणू नये. पण ही सुपारी ओली असते. सवय नसताना पूर्ण फोड चघळली की कान तापतात, घाम फुटतो, डोकं गरगरतं. छोटा तुकडा घ्या आणि बसून खा.

परतीची वाट जोरहाटकडून असेल तर चालकाला निघतानाच नामदांगचा पूल दाखवायला सांगा. रुद्रसिंहाच्याच काळातला, १७०३ चा दगडी पूल. एकाच पाषाणातून कोरलेला म्हणतात. वरून जुन्या महामार्गाची वाहतूक इतकी सहज जात आली आहे की पूल आला आणि गेला हे गाडीत बसून कळतच नाही. पलीकडे गाडी थांबवा, खाली नदीच्या अंगाला चार पावलं उतरा आणि तिथून वर बघा.