आधी टाइमटेबल, मग रूळ: कॉम्प्युटरवर स्वतःची रेल्वे लाइन टाकायची असेल तर

सगळ्यात आधी एक विनंती, पहिलंच काम म्हणून सीएसएमटी बनवायला घेऊ नका. मुंबईतला प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो, मीही केली. 18 प्लॅटफॉर्म, त्यांच्या तोंडाशी सांध्यांचं ते जाळं, चार महिने रोज रात्री जेवण झालं की बसायचो आणि शेवटी पुढच्याच मशीद स्टेशनपर्यंतसुद्धा रूळ पोचले नाहीत. एक गाडी चालवली नाही त्या चार महिन्यांत. आपण रोज धक्के खात जातो त्या लाइनची नक्कल करायची म्हणजे प्रत्येक चूक आपल्याच डोळ्यात खुपते, इथे पादचारी पूल नाही, तिथे इंडिकेटर चुकलाय. त्यापेक्षा नसलेली लाइन बनवा. ती कुणी बघितलेलीच नाही, त्यामुळे चुकली असं म्हणणार कोण?

फक्त तिचं एक टोक खऱ्या नकाशात अडकवून ठेवा. माझी लाइन रोह्याला सुटते आणि डोंगर ओलांडून समुद्राकडे जाते, करंजवाडी, वाघखिंड, दर्याबंदर. रोहा सोडलं तर बाकी तिन्ही गावं माझ्या डोक्यातली. पण रोहा खरं असल्यामुळे बरंच काही आपोआप ठरतं, ब्रॉडगेज म्हणजे दोन रुळांत 1676 मिमी अंतर, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, कटिंगमध्ये लाल जांभा, खाली भातखाचरं, कौलारू घरं.

सॉफ्टवेअरवर जास्त वेळ घालवत नाही. फुकटात आणि इंजिनाचं वजन, ओढ, ब्रेक जास्त खरं हवं असेल तर ओपन रेल्स हा ट्रेन सिम्युलेटर, पण त्यासाठीचा रूट एडिटर शिकताना डोकं फिरतं. बनवण्याचीच मजा घ्यायची असेल तर ट्रेन्झ हा दुसरा सिम्युलेटर, मी तेच वापरतो आणि खालचं सगळं त्यातलंच आहे. त्यात सर्व्हेयर म्हणजे बांधायचा भाग आणि ड्रायव्हर म्हणजे चालवायचा. जमीन 720 मीटरच्या चौकोनी तुकड्यांत मिळते, म्हणजे माझ्या 14 किमीच्या लाइनला नुसत्या लांबीलाच 20 तुकडे लागले, डोंगरासाठी बाजूला लावले ते वेगळे. पहिल्या वेळेला 14 किमीच्या वर जाऊ नका, 10 असेल तर उत्तम.

आता मुद्द्याचं. रूळ टाकायच्या आधी वही घ्या आणि लिहा, या लाइनवरून काय जाणार, कुणासाठी, किती वाजता. हे मला शेजारच्या काकांनी शिकवलं. काका सेंट्रलला गार्ड होते, आता रिटायर, संध्याकाळी चहाला येतात आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत बसतात. मी त्यांना कौतुकाने बोगदा दाखवत होतो, सुंदर झाला होता खरंच, तर म्हणाले, "छान आहे रे, पण ही गाडी जातेय कशाला तिकडे?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

मग उत्तर शोधलं. दर्याबंदर कोळ्यांचं गाव, तिथून मासळी निघते ती पहाटे मुंबईच्या बाजारात पोचायला हवी, म्हणजे मासळीची पार्सल गाडी रात्री 2:10 ला सुटणार. मासळीला बर्फ लागतो, तो रोह्याकडून मालगाडीने येणार. आणि सकाळी गावातली माणसं रोह्याला पुढची गाडी पकडायला निघणार, त्यासाठी 5:20 ची पॅसेंजर. एवढं लिहिलं आणि यार्ड स्वतःच तयार झालं बघा, बर्फासाठी एक सायडिंग (माल चढवा-उतरवायची बाजूची लाइन), मासळीसाठी धक्क्यालगत दुसरी, इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणायला एक लूप (मेन लाइनच्या शेजारून जाऊन दोन्ही टोकांना तिलाच मिळणारी लाइन) आणि प्लॅटफॉर्म एकच. याआधी मी दर्याबंदरला सात लाइनी टाकल्या होत्या, का विचाराल तर छान दिसतात म्हणून.

यानंतर चार्ट काढायचा. शाळेचा ग्राफ पेपर घ्या, उभ्या बाजूला स्टेशनं त्यांच्या अंतराप्रमाणे (रोहा ते करंजवाडी 5 किमी, पुढे वाघखिंड 5, पुढे दर्याबंदर 4), आडव्या बाजूला वेळ. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन गाड्या समोरासमोर येणार, आणि सिंगल लाइन असेल तर ती जागा स्टेशनच हवी आणि तिथे लूप हवीच. माझी पॅसेंजर दर्याबंदर 5:20, वाघखिंड 5:30, करंजवाडी 5:40, रोहा 5:50. बर्फाची मालगाडी मी रोह्याहून 5:20 ला सोडली होती, ती 5:30 ला करंजवाडी ओलांडून घाटाला लागायची आणि रेघा छेदायच्या कुठे तर मध्येच जंगलात. मालगाडी नुसती आठ मिनिटं उशिरा सोडली, 5:28 ला, तर ती 5:38 ला करंजवाडीच्या लूपमध्ये येऊन उभी राहते, 5:40 ला पॅसेंजर मेन लाइनवर येते, 5:41 ला निघते, 5:43 ला मालगाडी वर चढायला लागते. हे सगळं पेन्सिलीने, एकही रूळ न टाकता समजतं. कॉम्प्युटरवर समजायला मला दोन रविवार लागले असते.

लूप कुठे ठेवायची यावरून मी जोरदार आपटलोय, ते सांगतोच. मला क्रॉसिंग, म्हणजे दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडायची जागा, वाघखिंडीला हवं होतं, बोगद्याच्या तोंडाशी, धुकं, पाऊस, दोन गाड्या शेजारी उभ्या, स्क्रीनशॉट डोळ्यासमोर तयारच होता. चढ मी कर्जत-लोणावळ्यासारखा 37 ला 1 दिला होता, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. मालगाडी लूपमध्ये चढावरच उभी राहिली, सिग्नल मिळाला, नॉच (इंजिनाच्या ताकदीची पायरी) वाढवला, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी हळूच मागे सरकायला लागली. काका चहाचा कप खाली ठेवून हसले. "स्टेशन सपाट लागतं बाबा, उतारावर डबा सोडलास तर तो तुझी वाट बघत थांबणार आहे का?"

हिशोब सोपा आहे, आधीच करायला हवा होता. बारा भरलेल्या बंद वाघिणी म्हणजे साधारण 1000 टन. 37 ला 1 च्या चढावर ते वजन नुसतं धरून ठेवायलाच 1000 भागिले 37, म्हणजे 27 टनांची ओढ लागते. डब्ल्यूडीएम 3ए हे डिझेल इंजिन सुरुवातीला जास्तीत जास्त 30 टनांच्या आसपास ओढतं, तेही रूळ कोरडे असताना, पावसात विसरा. म्हणून तर कर्जतला खरोखरच्या गाड्यांना मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लावतात. मी चढ 80 ला 1 केला, ओढ साडेबारा टनांवर आली, 5 किमीत चढाई 135 मीटरवरून साठेक मीटरवर आली, डोंगर थोडा कापावा लागला, कापला. आणि क्रॉसिंग खाली करंजवाडीला नेलं. आपल्याकडे स्टेशन यार्डात 400 ला 1 पेक्षा जास्त चढ चालत नाही, तुम्हीही तोच नियम धरा, सर्व्हेयरमध्ये रुळाच्या त्या तुकड्याला चढ शून्यच देऊन टाका. (वाघखिंडीला आता फक्त हॉल्ट, म्हणजे लूप नसलेला छोटा थांबा आहे. धुकं आहेच.)

लूपची लांबी गाडीवरून काढा. आठ डब्यांची पॅसेंजर इंजिनासकट साधारण 200 मीटर, त्यात दोन्ही बाजूला थोडी मोकळी जागा. पूर्ण लांबीच्या मालगाडीसाठी आपल्याकडे 686 मीटर धरतात, ती हौस असेल तर दोन स्टेशनांमधलं अंतरही वाढवावं लागेल हे ध्यानात घ्या. लूपमध्ये शिरताना स्पीड ताशी 30 किमी. वळणं मोठी घ्या, ब्रॉडगेजला 175 मीटर त्रिज्येच्या खाली जायचंच नाही आणि मोकळ्या सेक्शनमध्ये (दोन स्टेशनांच्या मधल्या लाइनवर) त्याच्या तीनचारपट असलेलं बरं, नाहीतर लांब डबे वळणावर खेळण्यातल्यासारखे दिसतात. आणखी एक, ट्रेन्झमध्ये आधीपासून मिळणारे रूळ बहुतेक 1435 मिमीचे असतात. गाडी त्यावरून धावते, पण आपले ब्रॉडगेजचे डबे ठेवले की चाकं रुळाच्या बाहेर हवेत दिसतात. भारतीय ट्रॅक वेगळा उतरवून घ्या आणि तो पहिल्या दिवशीच, कारण नंतर 14 किमी बदलत बसणं म्हणजे काय ते मला विचारा.

सिग्नल. इथे मुंबईकर शंभर टक्के चुकतो. आपल्याला लोकलची सवय, थोडं पुढे गेलं की सिग्नल, लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा, गाडीच्या मागे गाडी. मी तसेच करंजवाडी आणि वाघखिंडीच्या मध्ये सहा सिग्नल उभे केले, दोन्ही दिशांना, गाड्या कॉम्प्युटरच्या हवाली केल्या आणि भाजी आणायला गेलो. परत येऊन बघतो तर पॅसेंजर आणि मालगाडी घाटात नाकाला नाक लावून उभ्या, दोघांसमोर लाल, मागे जायची सोय नाही. कारण असं की सॉफ्टवेअरमधला साधा सिग्नल त्याच्या दिशेच्या पुढच्या सिग्नलपर्यंतच रूळ मोकळा आहे का बघतो. मध्ये सिग्नल घातले की दोन्हीकडच्या गाड्यांना आपापला पहिला तुकडा मोकळा दिसतो आणि दोघी आत शिरतात. काकांना फोटो पाठवला तर उत्तर आलं, "हे काय घाटकोपर-विक्रोळी आहे का?"

तर सिंगल लाइनवर दोन क्रॉसिंग स्टेशनांच्या मध्ये एकही जास्तीचा सिग्नल नको, एका सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. स्टेशनात शिरायच्या आधी होम सिग्नल, त्याच्या 1 किमी आधी त्याची आगाऊ सूचना देणारा डिस्टंट म्हणजे ड्रायव्हरला ब्रेक लावायला वेळ मिळतो, आणि लूप आणि मेन दोन्हीच्या टोकाला गाडी सोडायचा स्टार्टर. आता तुम्ही म्हणाल डिस्टंट तर सेक्शनमध्येच आला की. बरोबर, म्हणून तो नुसता पुढची सूचना देणारा प्रकार निवडा, गाडी अडवणारा नको. सिग्नल लावताना बाण गाडीच्या दिशेने आहे ना ते झूम करून बघा, उलटा लागला तर दिसायला सगळं ठीक आणि गाडी मात्र त्याला ओळखच देत नाही. लावून झाला की इंजिनात बसून बघा. माझा करंजवाडीचा होम वळणामागे आंब्याच्या झाडाआड होता, तो दिसेपर्यंत मी तो ओलांडलेलाच असायचो. शेवटी आंबा तोडला.

गाड्या आपोआप चालवायच्या तर प्रत्येक ड्रायव्हरला हुकुमांची यादी देता येते, अमुक ट्रॅकमार्कपर्यंत जा, थांब, डबे जोड वगैरे. ट्रॅकमार्क म्हणजे रुळावर ठेवायची खूण, प्रत्येक लूपला, प्रत्येक सायडिंगला एक ठेवा आणि नावं नीट द्या, "करंज लूप", "बर्फ सायडिंग", मी 1, 2, 3 अशी दिली होती आणि मासळी एकदा बर्फाच्या जागी जाऊन उभी राहिली. आणि हो, रूट वेगळा, सेशन वेगळं. जमीन, रूळ, झाडं रूटमध्ये, गाड्या आणि त्यांचे हुकूम सेशनमध्ये. हे एकदा समजलं की त्याच लाइनवर एक पावसाळी सेशन, एक गणपतीच्या गर्दीचं, एक नुसतं रात्रीचं, असं हवं तेवढं करता येतं.

सजावट सगळ्यात शेवटी आणि खिडकीतून दिसेल तेवढीच. रुळापासून दीडदोनशे मीटरपर्यंत नीट झाडं, त्याच्या पलीकडे नुसता हिरवा रंग, नाहीतर साध्या लॅपटॉपचा पंखा एक्सप्रेससारखा आवाज काढतो. स्टेशनच्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची असते ती विसरू नका, आणि ती तुमच्या जमिनीशी जुळू द्या. फाटकाच्या आधी सी/फा (सीटी वाजवा, फाटक आहे) ची पिवळी पाटी. अशा दोन गोष्टी बरोबर असल्या की बाकी पन्नास घरं सारखीच असली तरी चालतात.

पहिली फेरी स्वतः चालवा, नुसता वेग कमीजास्त करायच्या सोप्या डीसीसी मोडमध्ये नको, खऱ्या इंजिनासारखे नॉच आणि ब्रेक असलेल्या कॅब मोडमध्ये, आणि चार्टवर प्रत्यक्ष लागलेली मिनिटं लाल पेनाने लिहा. माझी पॅसेंजर घाट उतरताना तीन मिनिटं जास्त घ्यायची, कारण मी ब्रेक फार लवकर लावायचो, मग टाइमटेबलच तीन मिनिटांनी सैल केलं. मालगाडी 5:28 वरून 5:31 झाली. काकांनी आता 2:10 ची मासळी स्वतःकडे घेतलीय, निघताना टेबलावर बोटाने दोन टिचक्या मारतात, गार्डच्या दोन बेल म्हणजे गाडी सोड, आणि मी गाडी सोडतो.