पंचायतीतलं बंद सरकारी इंटरनेट चालू कसं करून घ्यायचं

रेशनचा अंगठा, रोजगार हमीची हजेरी, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, पोरांचे अकरावीचे अर्ज, सगळं शासनानं ऑनलाइन केलं. केलं ते चांगलंच. पण मग तिथवर पोचायची वायरही शासनानंच द्यायला हवी, तीही गरिबाला परवडेल अशा दरात. मी पाटण तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आमच्या वरच्या वाडीत रेशन दुकानदार मशीन पिशवीत घालून रेंज असलेल्या टेकाडावर चढतो आणि त्याच्यामागं म्हाताऱ्या बायका. पदराला अंगठा पुसायचा, काचेवर दाबायचा, स्क्रीनवरचं चाक फिरत राहतं, पुन्हा पुसायचा. अंगठा लागला की खाली उतरून धान्य घ्यायचं. कंपनी तिथं टॉवर लावत नाही, कारण तीस उंबऱ्यांत तिला काही सुटत नाही. एसटी मात्र तीस उंबऱ्यांसाठीही आली होती, कारण ती सरकारची होती.

मागायला लाजू नका, पैसे आपलेच आहेत. मोबाइल कंपन्यांच्या ठरावीक उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा ग्रामीण भागातल्या दूरसंचारासाठी सरकारकडे जमा होतो. त्या निधीचं आजचं नाव डिजिटल भारत निधी. आपण दर महिन्याला रिचार्ज मारतो, त्यातूनच तो जातो. त्यातून भारतनेट उभं राहिलं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची फायबर तार न्यायच्या या कामाला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. त्यामुळं तुमच्याही पंचायतीत भारतनेटचा लोखंडी डबा बहुधा असेलच, कपाटामागं धूळ खात.

आधी तो उघडायला लावा आणि आतल्या छोट्या पेटीचे दिवे बघा. एकही दिवा नसेल तर प्रश्न विजेचा आहे. बटण बंद असेल, बॅटरी मेली असेल, नाहीतर कुणीतरी प्लग काढून तिथं पंखा लावला असेल. हे गावातच सुटतं. ‘पॉन’ (PON) लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबर जिवंत आहे, अडलंय ते राउटरपाशी किंवा जोडणी सुरू करण्यापाशी. ‘लॉस’चा (LOS) दिवा लाल लुकलुकत असेल तर वाटेत कुठंतरी तार तुटली आहे किंवा सैल झाली आहे. दिव्यांचा फोटो काढा, डब्यावरचं स्टिकर आणि नंबरही घ्या. स्टिकरला महत्त्व आहे, कारण आपल्या राज्यात काही तालुक्यांचं काम बीएसएनएलकडं गेलं आणि काहींचं महाआयटी या राज्य सरकारच्या कंपनीकडं. तार कुणाची हे ठरल्याशिवाय केलेली तक्रार नुसती फिरत राहते.

आमच्याकडं रस्ता रुंद करताना जेसीबीनं तार तोडली. एकाच ओळीत गेलेली तार, त्यामुळं पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं १,३९,५७९ कोटींचा भारतनेटचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात तार गोलाकार फिरवून आणायची आहे, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं चालू राहील. पंचायतीपलीकडच्या गावांना मागणीनुसार जोडणी द्यायचीही त्यात तरतूद आहे. म्हणून मागणी कागदावर आली पाहिजे. सगळा जोर इथं लावा.

विषय ग्रामसभेत तोंडी मांडलात तर तो ‘ऐनवेळच्या विषयां’त जातो आणि तोवर निम्मं गाव उठून गेलेलं असतं. नोटीस निघण्याआधीच भाऊसाहेबांना (ग्रामसेवकांना) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथं ठराव आधी मंजूर करून घ्या. अंगठ्यासाठी टेकाड चढणाऱ्या बायका तिथं असतात, तिथं कुणाला पटवावं लागत नाही. ठराव मोघम नको. आमचा असा होता: “पंचायतीतील भारतनेट जोडणी चालू करावी, शाळा, अंगणवाडी व उपकेंद्रास जोडणी द्यावी, वरच्या वाडीसाठी मागणी नोंदवावी.” खाली सूचक आणि अनुमोदकाचं नाव. सुप्रीम कोर्टानं ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे, तेही ठरावात लिहा. केरळनं जून २०२३ मध्ये केफॉन हे स्वतःचं सरकारी जाळं सुरू केलं, २० लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी द्यायचं उद्दिष्ट ठेवून. एका राज्याला हे ठरवता येतं, तर आपल्यालाही मागता येतं.

ठरावाची प्रत बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना) द्या आणि आवक क्रमांक घ्या. हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. “इंटरनेट बंद का आहे?” असं विचारू नका, कागद मागा. जोडणी सुरू केल्याच्या दाखल्याची प्रत, गेल्या वर्षाची बंद-चालूची नोंद, देखभालीच्या कराराची आणि दंडाच्या अटींची प्रत. बीएसएनएलकडं अर्ज केंद्राच्या पोर्टलवर करता येतो. राज्याच्या कार्यालयात एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत.

लाइन आली की लगेच दोन गोष्टी करा. डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि वाय-फाय ओट्यावर पोचेल असं लावून घ्या, म्हणजे कार्यालयाला कुलूप असलं तरी पोरांना संध्याकाळी अर्ज भरता येतात. वाडीत किराणा दुकान असेल तर दुकानदाराला पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेबद्दल सांगा. डिसेंबर २०२० पासून असं वाय-फाय विकायला छोट्या दुकानदाराला परवाना लागत नाही, शुल्कही नाही. त्याला महागडी लीज लाइन घ्यायला लावत असतील तर दूरसंचार नियामकाचा (ट्रायचा) जून २०२५ चा आदेश दाखवा. २०० एमबीपीएस वेगापर्यंतच्या जोडणीला त्याच्याकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही.

आणि पुढच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचून घ्या. वाडीची मागणी कुठवर गेली, हे भाऊसाहेबांना त्याच सभेत सांगावं लागतं.