वारेच्या पडद्याने पायाची जखम भरताना

मधुमेहाच्या पायाची जखम चार आठवडे नीट ड्रेसिंग करून, पायावरचा भार काढूनही निम्म्याने आटली नसेल, तर अ‍ॅम्नियॉन लावण्याचा विचार करावा. अ‍ॅम्नियॉन म्हणजे वारेचा आतला पातळ पडदा. तो ऊतीपेढीकडूनच, म्हणजे दान केलेल्या ऊती तपासून साठवणाऱ्या संस्थेकडूनच घ्यावा. मुंबईच्या टाटा मेमोरियलची पेढी १९८८ पासून काम करते. दवाखान्यातली ताजी वार परस्पर वापरायची नाही. आईच्या एचआयव्ही आणि कावीळ बी-सीच्या तपासण्या नसतील, तर तो सरळ धोका आहे.

आधी पायाची नाडी पाहा. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारं गुणोत्तर ०.७ च्या खाली असेल, तर पडदा बाजूला ठेवून रुग्णाला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवा. पू असेल किंवा जखमेत घातलेली तपासणीची सळई हाडाला टेकत असेल, तरीही थांबा.

मेलेला भाग आणि कडेचं घट्टं काढून तळ लालबुंद करा. मग गॉज दाबून रक्त पूर्ण थांबवा. खाली गुठळी राहिली की पडदा उचलला जातो. आयोडीन, सिल्व्हरचा अंश सलाईनने धुऊन टाका. पडदा कोरडाच कापा, जखमेच्या कडेबाहेर २-३ मिमी येईल एवढा. पाकिटावरची खूण पाहून योग्य बाजू खाली घ्या, वरून सलाईनचे थेंब सोडा आणि ओल्या बोळ्याने बुडबुडे कडेला ढकला. पाणी फार सुटत असेल तर बारीक चिरा द्या. वर न चिकटणारी जाळी, मग गॉज आणि पट्टी.

वरचं गॉज भिजलं तर बदला, जाळीला आठवडाभर हात लावू नका. उघडल्यावर पिवळसर, जेलीसारखा थर दिसतो. तो विरघळत चाललेला पडदा असतो. पू समजून खरवडला की केलेलं सगळं वाया जातं. वास, कडेला लाली आणि गरमपणा असेल, तरच संसर्ग समजा.

कोल्हापुरात सगळ्यात जास्त घात होतो तो चालण्याने. कडक तळव्याची कापशी चप्पल, अंगठ्याला घासणारा पट्टा, अंबाबाईला किंवा जोतिबाच्या पायऱ्यांवर अनवाणी जाणं, ऊसतोडीत ओल्या सरीत उभं राहणं. पायाला प्लास्टर किंवा भार काढणारा बूट दिल्याशिवाय पडदा लावूच नये. घरच्यांनाही हे बसवून समजवा.

दर आठवड्याला जखम मोजून नवा पडदा लावा. तीन-चार वेळा लावूनही आकार हलत नसेल, तर कडेचा तुकडा बायोप्सीला पाठवा.