गेम खेळताना पीसी फ्रीज होतोय? नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी हे करून बघा

गेम मस्त चालू असतो आणि अचानक स्क्रीन जागच्या जागी थांबते, आवाज घर्रर्र करत अडकतो, माउस हलत नाही, शेवटी पॉवर बटण दाबून धरावं लागतं. नागपुरात उन्हाळा लागला की हे जास्तच होतं, आणि लगेच कोणीतरी सांगतं कार्ड गेलं भाऊ, नवीन घे. घाई करू नका. कार्ड खराब असूही शकतं, पण ते सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी गर्मी, मग वीज, मग रॅम, या क्रमाने जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर पीसी कशानं सुधारला ते कळणारच नाही.

पहिले फ्रीज कसा होतो ते नीट बघा. अडकल्यावर कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. लाइट लागत-विझत असेल तर विंडोज बहुतेक जिवंत आहे, फक्त गेम किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर अडकलाय, तेव्हा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा, ड्रायव्हर रीसेट होतो, कधीकधी गेम परत येतो. लाइट ढिम्म असेल तर मामला खोल आहे, बहुतेक हार्डवेअरचा. रीस्टार्ट केल्यावर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून त्या वेळेच्या लाल नोंदी बघा. कर्नल-पॉवर ४१ दिसलं म्हणून घाबरू नका, पीसी नीट बंद झाला नाही एवढाच त्याचा अर्थ. पण डब्ल्यूएचईए-लॉगर दिसलं तर हार्डवेअर स्वतःच चूक कळवून राहिलं, आणि डिस्प्ले ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने उत्तर देणं बंद केलं होतं.

आता गर्मी, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पीसीचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे डिसेंबरात २२ डिग्रीच्या खोलीत ७० वर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० डिग्रीच्या खोलीत तोच गेम चालवताना ८८ च्या आसपास जाणार, त्यात नवल काही नाही. एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, त्यात सेन्सरचं लॉगिंग फाइलमध्ये चालू करा आणि गेम खेळा, म्हणजे फ्रीज झाला तरी शेवटच्या काही सेकंदांचे आकडे फाइलमध्ये सापडतात. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःच स्पीड कमी करतो, म्हणून नुसता प्रोसेसरचा आकडा बघून थांबू नका, कार्डचा हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, आणि कार्डच्या मेमरीचं तापमान पण बघा, फ्रीज बरेचदा तिथून येतो. सोपी टेस्ट म्हणजे कॅबिनेटची बाजूची प्लेट काढून खेळा. त्यानं फ्रीज बंद झाला तर हवा खेळत नाहीये हे पक्कं.

मग साफसफाई. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, मगच आत हात घाला. आपल्याकडे खोलीत कूलर चालतो, त्याच्या ओलाव्यानं धूळ चिकटते आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या, म्हणजे गर्मी ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर करडा थर बसतो, अगदी जुन्या घोंगडीच्या तुकड्यासारखा, वरून पंखा फिरताना दिसतो पण खाली हवा जातच नाही. पंखा काढून तो थर चिमट्यानं उचला, बाकी ब्रश आणि ब्लोअरनं. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, फिरू देऊ नका. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, स्टॅटिकची भीती असते. हीटसिंक काढलाच तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवीन लावा. आणि कूलरचं तोंड कॅबिनेटकडे कधीच नको, गार वाटतं पण ओलावा सरळ बोर्डवर जातो.

तरी होतंच असेल तर वीज. गेममध्ये फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० वर लॉक करून खेळा, तेवढ्यानं फ्रीज गेला तर लोड वाढल्यावर काहीतरी कमी पडतंय, आणि गर्मी आधीच तपासली असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायवर. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी त्यावर मोठ्या कार्डाचा भरवसा ठेवू नये. कार्डाला दोन पॉवर कनेक्टर असतील तर एकाच वायरची दोन टोकं न लावता दोन वेगळ्या वायर लावा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, त्यावर मॉनिटर आणि गेमिंग पीसी दोन्ही चालवणं जोखमीचं आहे, एकदा यूपीएस काढून सरळ भिंतीच्या सॉकेटवर लावून बघा. कूलर आणि पीसी एकाच एक्सटेन्शन बोर्डवर नकोच.

रॅमसाठी बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा स्पीड वाढवणारी सेटिंग) बंद करून खेळा. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाकून रात्रभर चालू द्या, त्यात एकही एरर चालत नाही. एरर आली तर एकेक स्टिक लावून कोणती खराब आहे ते शोधा.

ग्राफिक्स ड्रायव्हर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या सॉफ्टवेअरनं पूर्ण काढून नवीन टाका. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसते. इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा आय-५ १३६००के वा त्यावरचा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट कराच. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर अस्थिर व्हायचे, त्यावर इंटेलनं २०२४ मध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट काढले आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेला प्रोसेसर मात्र अपडेटनं दुरुस्त होत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो.

एवढं करूनही फ्रीज होत असेल तर सीताबर्डीत किंवा तुमच्या ओळखीच्या दुकानात कॅबिनेट घेऊन जा, जाताना लॉगची फाइल आणि बिल सोबत ठेवा. दुकानदाराला सांगा, पहिले दुकानातला एसएमपीएस लावून गेम चालवा, मग दुसरं कार्ड लावून, आणि दोन्ही टेस्ट तिथेच उभं राहून बघा. कार्ड वॉरंटीत असेल तर त्याचं सील कोणाला तोडू देऊ नका.